गाडी वाळवायला ब्लोअर घेताय? आधी बॉक्सवरचे आकडे वाचायला शिका

ऐकताना आकडे पटकन निसटतात, म्हणून या भागाचं हे लिखित रूप. यात थोडी आकडेमोड आहे, पण घाबरू नका. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

विषय साधा आहे. गाडी धुतली. आता ती वाळवायची कशी? रील्समध्ये हल्ली हाताच्या पंजात मावणारा एक फॅन दिसतो. बटण दाबलं की बॉनेटवरचं पाणी झर्रकन पळतं. खाली लिहिलेलं असतं ‘टर्बो’, ‘जेट’, ‘एक लाख तीस हजार आरपीएम’. मग आपण लिंक उघडतो. एक आठशेचा, एक अडीच हजारांचा, एक आठ हजारांचा, आणि तिघांच्याही जाहिरातीत तेच पळणारं पाणी. मग फरक कशात आहे? आज तेवढंच समजून घेऊ.

ब्लोअर पाणी वाळवत नाही, ढकलतो

हे एक वाक्य डोक्यात बसलं की निम्मी खरेदी झाली असं समजा.

आपल्याला वाटतं हवा मारली की पाणी सुकतं. पण पाण्याची वाफ करायला प्रचंड ऊर्जा लागते. एक लिटर पाणी नुसतं उडवून लावायचं तर जवळपास पाऊण युनिट वीज लागते. म्हणजे घरातला १२०० वॅटचा हेअर ड्रायर, त्याची सगळीच्या सगळी उष्णता पाण्यातच गेली असं धरलं, तरी अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवावा लागेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेतच जाते. म्हणून हेअर ड्रायरने गाडी वाळवायच्या भानगडीत पडू नका. त्याचे बहुतेक वॅट कॉइल तापवण्यात जातात, हवा ढकलण्यात नाही.

ब्लोअर वेगळं काम करतो. तो पाण्याचे थेंब द्रवरूपातच पत्र्यावरून खाली सारतो. आणि हे आपल्याला हवंच आहे. का? तर पाण्यातल्या क्षारांमुळे.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्यांना काळ्या गाडीवरचे पांढरे गोल डाग माहीतच असतील. पाण्याचा थेंब उन्हात सुकतो, पाणी उडून जातं, पण त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम तिथेच राहतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या घटकांची, म्हणजे टीडीएसची, मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आता ५०० टीडीएसचं एक लिटर पाणी गाडीवर सुकलं, तर अर्धा ग्रॅम क्षार गाडीवर बसले. २००० असेल तर दोन ग्रॅम. दर रविवारी.

तेच पाणी सुकायच्या आत ढकलून खाली पाडलं, तर क्षारही त्याच्याबरोबर गेले. म्हणून ‘गरम हवा देतो’ ही जाहिरात फार मनावर घेऊ नका. गरम हवेनं थेंब जागच्या जागी सुकला तर डाग तिथेच राहणार. आपल्याला हवाय तो जोर.

मग फडकं काय वाईट?

फडकं वाईट नाही, मळलेलं फडकं वाईट. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. धुऊनही कुठेतरी बारीक रेती राहिलेली असते. त्यावरून सुकं, खरखरीत फडकं जोरात फिरवलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे उठतात. उन्हात किंवा पेट्रोल पंपाच्या लाइटखाली काळी, गडद निळी गाडी बघा, लगेच दिसतील. सोसायटीत एकाच बादलीत, एकाच फडक्यानं दहा गाड्या पुसल्या जातात, तिथे तर विचारूच नका.

ब्लोअरचा दुसरा फायदा म्हणजे फडकं जिथे पोचत नाही तिथे हवा पोचते. साइड मिररच्या आत, दाराच्या हँडलमागे, नंबर प्लेटच्या खाली, पेट्रोलच्या झाकणात, हेडलाइटच्या फटीत, अलॉय व्हीलच्या नटांच्या खळग्यात. गाडी पुसून चकाचक केली आणि पहिल्याच वळणावर आरशातून पाण्याचा ओघळ दारावर आला, हे सगळ्यांनी बघितलंय. तो ओघळ थांबवणं हे ब्लोअरचं खरं काम.

तीन आकडे: वेग, हवा आणि जोर

आता बॉक्सकडे वळू. त्यावर साधारण दोन आकडे असतात.

पहिला वेग. ताशी किलोमीटर किंवा सेकंदाला मीटर. हवा तोंडातून किती जोरात सुटते, ते.

दुसरा हवेचं प्रमाण. हा सीएफएममध्ये म्हणजे मिनिटाला घनफुटात असतो, किंवा मिनिटाला घनमीटरमध्ये. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, एवढं लक्षात ठेवा.

यातला एकच आकडा बघून काही कळत नाही. सायकलच्या पंपाच्या तोंडातूनही हवा वेगात येते, पण ती एवढीशी असते. उलट छताच्या पंख्याची हवा भरपूर, पण तिला वेग नाही. दोघांपैकी कुणीही बॉनेट कोरडं करणार नाही. थेंबाला ढकलतो तो या दोघांचा गुणाकार, म्हणजे जोर. तो न्यूटनमध्ये मोजतात. बागेतली पानं उडवायचे ब्लोअर बनवणाऱ्या काही कंपन्या हा न्यूटनचा आकडा स्वतःच छापतात. बाकीच्यांचा आपण काढायचा.

सूत्र सोपं आहे: सीएफएम गुणिले ताशी किलोमीटर, भागिले ६,४००. उत्तर न्यूटनमध्ये.

तीन उदाहरणं करून बघू.

एक, पंजात मावणारा जेट फॅन. तोंडाचा व्यास ३ सेंटिमीटर आणि वेग ताशी १८० किलोमीटर धरा. एवढ्या तोंडातून एवढ्या वेगानं फार तर ७५ सीएफएम हवा येते. ७५ गुणिले १८० भागिले ६,४००, म्हणजे सुमारे २ न्यूटन.

दोन, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ६०० वॅटच्या आसपासचा वायरवाला ब्लोअर. सुतार, एसीवाले, कॉम्प्युटर रिपेअरवाले धूळ उडवायला वापरतात तो. मिनिटाला साडेतीन घनमीटर म्हणजे सुमारे १२४ सीएफएम, आणि वेग ताशी २७० धरला तर ५ न्यूटनच्या थोडं वर.

तीन, बागेतला मोठ्या तोंडाचा बॅटरीवाला ब्लोअर. ५०० सीएफएम, ताशी १८०. झाले १४ न्यूटन.

बघा, पहिल्या आणि तिसऱ्याचा वेग सारखाच आहे! पण जोर सातपट. नुसता वेग बघून घेणारा माणूस इथे फसतो. आणि आरपीएम? तो तर या हिशेबात आलाच नाही. पंख्याचं पातं लहान असलं की तो जास्त फिरवावाच लागतो. त्यामुळे एक लाख तीस हजार आरपीएम वाचून भारावून जाऊ नका.

माझा ठोकताळा असा: २ न्यूटनमध्ये आरसे, फटी, बाइक एवढंच काम होतं. ५ न्यूटनला छोटी हॅचबॅक निभते, पण वेळ लागतो. सेडान किंवा एसयूव्ही नुसत्या हवेनं कोरडी करायची तर १० न्यूटनच्या पुढे जा.

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा

बॉक्सवरचा आकडा खरा कशावरून? हे घरीच तपासता येतं. पीठ, साखर मोजायचा डिजिटल काटा घ्या. त्यावर सपाट ताटली ठेवा आणि काटा शून्यावर आणा. ब्लोअर ताटलीच्या बरोबर वर, साधारण वीतभर अंतरावर, सरळ खाली तोंड करून धरा आणि फुल स्पीड द्या. काट्यावर जे ग्रॅम दिसतील त्यातले १०० ग्रॅम म्हणजे जवळपास १ न्यूटन.

म्हणजे २ न्यूटनचा फॅन काट्यावर २०० ग्रॅमच्या आसपास दाखवेल, ५ न्यूटनचा अर्धा किलो, आणि १४ न्यूटनचा जवळपास १४०० ग्रॅम. हवा आजूबाजूला पसरते, म्हणून आकडा थोडा कमी येईल. ते चालतं. पण बॉक्सवरून हिशेब १२ न्यूटनचा आणि काटा म्हणतोय १५० ग्रॅम, तर वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. हीच चाचणी दोन मिनिटांनी पुन्हा करा. बॅटरी थोडी उतरली की काही फॅनचा जोर निम्म्यावर येतो, तेही लगेच कळेल.

बॅटरीवरची बतावणी

ऑनलाइन बघताना ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे आकडे दिसतील. वाटतं ८८ व्होल्टची बॅटरी! तसं काही नसतं. अशा बऱ्याच पॅकमध्ये आत लिथियमचे पाचच सेल असतात. एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, फुल चार्ज केल्यावर ४.२ चा. पाच सेल म्हणजे १८ व्होल्ट, फुल चार्जला २१. म्हणून चांगल्या कंपन्यांचा ‘१८ व्होल्ट’ आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’ हाही एकच प्रकार असतो, दुसरा मोठा मानू नका.

बॅटरीत खरं बघायचं ते वॅट-अवर. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट आणि दीड अँपिअर-अवर म्हणजे २७ वॅट-अवर. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२.

आता याचा उपयोग बघा. एखादा विक्रेता म्हणतोय, ५०० सीएफएम, ताशी १८०, आणि दीड अँपिअर-अवरच्या बॅटरीवर २५ मिनिटं चालतो. तपासू. जोर आला १४ न्यूटन. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. जोर गुणिले वेग भागिले २, म्हणजे ३५० वॅट. एवढी शक्ती नुसत्या हवेतच आहे. मोटरमध्ये एकही वॅट वाया गेला नाही असं धरलं, तरी २७ वॅट-अवरची बॅटरी साडेचार मिनिटांत संपणार. २५ मिनिटं चालत असेल, तर सरासरी ६५ वॅटच वापरतोय. मग १४ न्यूटन कुठून आणणार? कुठला तरी आकडा खोटा आहे. किंवा २५ मिनिटं सगळ्यात कमी स्पीडची आहेत आणि जोर सगळ्यात जास्त स्पीडचा.

असंच एक आणखी: काही बॉक्सवर सीएफएम नोझल काढून मोजलेला असतो आणि वेग बारीक नोझल लावून. दोन्ही आकडे खरे, पण एकाच वेळी मिळत नाहीत.

आणि वायरवाल्यांची एचपी

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. घरातला छोटा ६ अँपिअरचा प्लग २३० व्होल्टला फार तर १३८० वॅट देतो, म्हणजे दोन एचपीसुद्धा नाही. मोठा १६ अँपिअरचा पॉवर प्लग ३६८० वॅट, म्हणजे पाच एचपीच्या थोडं खाली. त्यामुळे साध्या छोट्या प्लगचा ब्लोअर ‘५ एचपी’ म्हणत असेल, तर हसा आणि पुढे चला. वॅट बघा.

कुत्र्यांचे केस वाळवायचे पेट ड्रायर काही जण गाडीला वापरतात. कल्पना चांगली आहे. पाइप लांब असतो, बऱ्याच मशीनमध्ये आत फिल्टरही असतो. फक्त त्याच्या वॅटमध्ये हीटरचे वॅट मिसळलेले असतात. नुसत्या मोटरचे किती ते विचारा आणि गाडीवर हीटर बंद ठेवून वापरा.

मग कुणी काय घ्यावं?

सगळ्यात आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: जिथे गाडी धुतो तिथे प्लग आहे का? बेसमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर पार्किंग असेल आणि जवळ पॉइंट नसेल, तर वायरवाला ब्लोअर कपाटात पडून राहणार.

बंगला, रो-हाऊस, गावचं घर, अंगणात प्लग: वायरवाला घ्या. पैशाला सगळ्यात जास्त जोर यातच मिळतो आणि बॅटरी म्हातारी व्हायची भीती नाही. साधा ६०० वॅटचा आरसे, फटी, चाकं यासाठी उत्तम. पूर्ण गाडी नुसत्या हवेनं कोरडी करायची असेल तर मोठा.

फ्लॅट, पार्किंगमध्ये प्लग नाही: बॅटरीवाला. घरात आधीच ड्रिल मशीन असेल, तर त्याच कंपनीचा, तीच बॅटरी बसणारा ब्लोअर बघा. नुसतं मशीन स्वस्त पडतं आणि सुटी बॅटरी पुढेही मिळत राहते. किमान ४ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या. ७२ वॅट-अवर आणि मशीन ४०० वॅट खात असेल, तर जेमतेम ११ मिनिटं मिळतात. एका गाडीला तेवढी पुरतात, दोन गाड्यांना नाही.

फक्त बाइक किंवा स्कूटर: पंजातला फॅनही चालेल. धुतल्यावर चेन, स्विच, हेडलाइटमागचा भाग, सीटखालची जागा यातलं पाणी काढा. चेनला ल्यूब मारायच्या आधी ती कोरडी हवी, तिथे हा फार कामाला येतो. घेताना बॅटरी बदलता येते का तेवढं बघा. आतच सोल्डर केलेली असेल, तर बॅटरी गेली की फॅन गेला.

आणि ज्यांचं बजेट नाही: काहीच घेऊ नका! शेवटचं पाणी मारताना पाइपचं नोझल काढा आणि टपावरून संथ, सलग धार सोडा. फवाऱ्यानं थेंब पसरतात, सलग धारेनं पाण्याची चादर होऊन ती स्वतःबरोबर बरंच पाणी घेऊन खाली उतरते. नंतर स्वच्छ, जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पत्र्यावर अंथरा, हलकेच थोपटा आणि उचला. घासू नका. गाडीवर वॅक्स असेल तर हे अजून सोपं, कारण पाणी पसरून चिकटण्याऐवजी त्याचे टपोरे थेंब होतात. पाचशे रुपयांचं वॅक्स कधी कधी पाच हजारांच्या ब्लोअरला भारी पडतं, ते यामुळेच.

वापरताना

सावलीत धुवा, पत्रा गार असू द्या. सुरुवात टपापासून करा, मग काचा, बॉनेट, डिकी, बाजू आणि शेवटी चाकं. पाणी खालीच येणार आहे, मग खालून सुरुवात करून दुप्पट काम का करायचं? हवा सरळ पत्र्यावर आपटू नका, तिरकी धरा आणि झाडू मारल्यासारखी एकाच दिशेनं न्या. आरशाला वेळ द्या, आतलं पाणी संपेपर्यंत.

ब्लोअरचं तोंड कडक प्लॅस्टिकचं असेल, तर टोकाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा. हात हलला तरी रंगाला ओरखडा येणार नाही. मातीच्या अंगणात हवा जमिनीकडे जाऊ देऊ नका, नाहीतर ओल्या गाडीवर धुळीचा लेप बसेल. धूळ उडवायचा आणि गाडीचा ब्लोअर एकच असेल, तर आधी गाडीपासून लांब नेऊन अर्धा मिनिट मोकळा चालवा, आतली रेती निघून जाऊ द्या.

दोन गोष्टी अजिबात विसरू नका

पहिली, वीज. ओली फरशी, ओले हात आणि २३० व्होल्ट, यापेक्षा वाईट जोडी नाही. ब्लोअर लावण्याआधी पाण्याचा पाइप बंद करून बाजूला ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नाही, उंचावर, कोरड्या जागी. पायात कोरडी रबरी चप्पल. घराच्या डीबीमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघा आणि त्यावरचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का तेही बघा. गळतीचा करंट लागला तर मेन बंद करणारी तीच गोष्ट आहे. नसेल, तर ब्लोअरच्या आधी तो बसवून घ्या. सुटा जोड, काळ्या टेपनं गुंडाळलेली वायर असलं काही अंगणात चालवू नका.

दुसरी, आवाज. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ब्लोअर कानाजवळ याच्या खूप वर जातो आणि बंद बेसमेंटमध्ये तर घुमतो. स्वतःच्या कानात इअर प्लग घाला. गाणी लावलेले इअरबड नाहीत, कारण ते ऐकू यायला तुम्ही आवाज अजून वाढवणार! आणि रविवारी सकाळी साडेसहाला शेजारच्या आजोबांची झोप मोडू नका. दहानंतर करा.

तर मंडळी, खरेदीच्या आधी तीन गोष्टी: प्लग कुठे आहे, न्यूटन किती येतात आणि बॅटरीचे वॅट-अवर किती. लिंक उघडली की आधी कॅल्क्युलेटर उघडा. तुमच्या ब्लोअरनं काट्यावर किती ग्रॅम दाखवले ते मशीनच्या नावासकट आम्हाला कळवा. पुरेसे आकडे जमले की पुढच्या एखाद्या भागात त्यांची यादीच वाचू. भेटू पुढच्या भागात!